सरी-वरंब्यांचें कापड

पवनेच्या कांठीं राहणाऱ्या एखाद्या निवृत्त शाळामास्तराला नभोवाणीवर बोलावयास बोलाविलें, म्हणजे तो तुंग, तिकोना, लोहगड, विसापूर यांपैकीं एखाद्या किल्ल्याविषयीं बोलेल, नाहीं तर मावळांतल्या भाताविषयीं बोलेल, अशी आपली समजूत असणें स्वाभाविक आहे. मी मात्र आज एका कापडाविषयीं बोलणार आहें. त्या कापडाचें नांव कॉर्डरॉय. सुती खरें, पण हातास मखमलीसारखें मऊ. आणि अंगावर उभ्या रेघा अशा कीं, नुकतेंच सरी पाडलेलें शेत दुरून पाहावें. आपल्या घरांतील कपाटांत या कापडाची एखादी विजार, एखादें जाकीट, निदान एखाद्या मुलाची टोपी बहुधा असेलच.

हा विषय सुचण्याचें कारण माझ्या घरांतच आहे. आमच्या माजघरांत एक तपकिरी कोट टांगलेला असतो. तो माझ्या थोरल्या बंधूंचा. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असूं. अण्णा मुंबईस एका कापडगिरणींत साचेखात्यांत विणकर होते. एका दिवाळीच्या बोनसांतून त्यांनीं हा कोट शिवून घेतला. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप सुरूं झाला. पुढें तो विरत गेला; पण हजारों कामगारांप्रमाणें अण्णांचें कामही परत मिळालें नाहीं. ते गांवीं आले, तेव्हां पेटींत किंमतीची म्हणावी अशी वस्तु होती ती हा कोट. अण्णा आज नाहींत. कोट आहे. चाळीस पावसाळे त्यानें मावळांत काढले, तरी त्याची लव अजून उभी आहे. ती कशी राहिली, हें सांगण्यापूर्वीं तें कापड कसें जन्मास येतें, हें सांगितलें पाहिजे. कारण अण्णा म्हणत असत, कापड कसें झालें हें ज्याला समजलें, त्याला तें कसें राखावें हें निराळें शिकवावें लागत नाहीं.

कोणत्याही कापडांत उभे धागे असतात आणि आडवे असतात. उभ्यांस ताणा म्हणतात, आडव्यांस बाणा. साध्या कापडांत बाणा एका ताण्यावरून, एका ताण्याखालून, असा निमूटपणें जातो. कॉर्डरॉयमध्यें बाण्याचे दोन प्रकार असतात. एक प्रकार ताण्याशीं नेहमींप्रमाणें गुंफला जाऊन कापडाची भक्कम जमीन तयार करतो. दुसऱ्या प्रकारचे धागे एके ठिकाणीं ताण्याखालीं अडकतात आणि मग तीन-चार अथवा अधिक ताण्यांवरून मोकळे तरंगत जाऊन पुन्हा अडकतात. असे तरंगणारे धागे एकाखालीं एक येत गेले कीं, कापडाच्या लांबीभर बारीक बारीक बोगदे पडल्यासारखे होतात. कापड साच्यावरून उतरतें, तेव्हां त्यावर रेघ नसते आणि लवही नसते. नवख्या माणसाला तें कांहीं तरी जाडेंभरडें कापड वाटेल.

खरी करामत पुढेंच आहे. त्या प्रत्येक बोगद्यांतून एक निमुळती सुरी चालवावयाची आणि वरचे तरंगते धागे मधोमध कापीत जावयाचें. कापलेलीं टोकें दोहों बाजूंस उभीं राहतात. मग कापडावर कुंचे फिरवितात, टोकें पिंजारलीं जाऊन एकजीव होतात, वरचे कुसळासारखे तंतु आंचेवरून नेऊन जाळतात, आणि शेवटीं रंग देतात. सुरी जेथून गेली तेथें सरी पडते. धागे जेथें मुळाशीं बांधलेले असतात तेथें वरंबा उठतो. मावळांतल्या माणसाला हें समजावयास चित्र काढून दाखवावें लागत नाहीं. मखमलीची गोष्ट वेगळी. तिची लव ताण्यांतून, म्हणजे उभ्या धाग्यांतून काढलेली असते. कॉर्डरॉयची लव बाण्यांतून निघते.

या कापडाचा वंश जुना आहे. इंग्रजींत अशा जाड, कणखर सुती कापडांच्या कुळाला ‘फस्टियन’ म्हणतात. ईजिप्तमधील कैरो शहराचा एक जुना भाग फुस्तात, त्या नांवावरून हा शब्द आला असावा असें पुष्कळांचें मत आहे. त्याच फुस्तातच्या उकिरड्यांतून आपल्या गुजराथचीं ठशांनीं छापलेलीं सुती कापडें संशोधकांना सांपडलीं आहेत, हें जातां जातां सांगतों. युरोपांत प्रथम फस्टियनचा ताणा जवसाच्या धाग्याचा आणि बाणा कापसाचा असे. पुढें दोन्ही कापसाचे होऊं लागले.

‘कॉर्डरॉय’ या नांवाविषयीं मात्र एक गोड समज रूढ आहे. फ्रेंच भाषेंतील ‘कॉर्द द्यु र्‍वा’, म्हणजे राजाची दोरी, यापासून हें नांव झालें आणि फ्रान्सच्या राजाचे सेवक हें कापड वापरीत, असें दुकानदार मोठ्या हौसेनें सांगतात. पण खुद्द फ्रेंच लोक या कापडाला त्या नांवानें ओळखतच नाहींत. ते त्याला बरगड्यांची मखमल अशा अर्थाचें नांव देतात. नांव इंग्लंडांतलेंच, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांतलें. कॉर्ड म्हणजे दोरी, आणि ‘डुरॉय’ नांवाचें एक जाडें लोकरी कापड तिकडे असे, त्यांच्या संयोगानें तें झालें असण्याचा संभव अधिक. राजाचा संबंध बहुधा विक्रेत्यांनीं मागाहून जोडला. जर्मन आणि स्वीडिश लोकांनीं याहून सरळ मार्ग धरला. जेथून कापड येई त्या गांवाचेंच नांव त्यांनीं त्याला दिलें. त्यांच्या भाषांत कॉर्डरॉयला म्हणतात ‘मँचेस्टर’.

राजाची दोरी म्हणून मिरविणारें हें कापड वास्तविक अंगावर वागविलें तें मजुरांनीं. इंग्लंडांतील कालवे खणणारे, रेल्वेचे रस्ते बांधणारे, शेतांत राबणारे, यांचा हा पोशाख. जाड, उबदार, टिकाऊ आणि लोकरीपेक्षां स्वस्त. १८३८ सालीं तेथील कामगारांनीं मतदानाच्या हक्कासाठीं सनदेची चळवळ उभारली. तिचा पुढारी फर्गस ओकॉनर १८४१ सालीं यॉर्कच्या तुरुंगांतून सुटला, तेव्हां तो मुद्दाम फस्टियनचा पोशाख घालून बाहेर आला. मी तुमच्यांतलाच आहें, एवढें त्याला कापडानें सांगावयाचें होतें. बरोबर ऐंशीं वर्षांनीं, १९२१ सालीं, मदुरेस महात्मा गांधींनीं अंगावरचे कपडे उतरवून पंचा धारण केला, तोही हेंच सांगण्यासाठीं. कापड बोलतें, श्रोते हो. मात्र ऐकणारा पाहिजे.

हें कापड घालणाऱ्याचे कष्ट तरी दिसत. तें कापणाऱ्याचे कष्ट कोणास दिसत नसत. चेशायर परगण्यांतील लिम वगैरे गांवांत माडीवर लांबच लांब मेजें असत. त्यांवर कापड ताणून, खळ व चुना लावून ताठ करीत. कापणारा पुरुष, बाई अथवा पोर हातांत लांब सुरी घेऊन एक सरी संपेपर्यंत मेजाच्या कडेनें चालत जाई. मग दुसरी, मग तिसरी. मास्तरकीची खोड अशी कीं, मला लगेच गणित घालावेंसें वाटतें. कापडाचा पन्हा २७ इंच आणि इंचांत दहा सऱ्या धरा. म्हणजे २७० सऱ्या झाल्या. कापड दहा वार लांब असेल, तर एकेरी चालणेंच २७०० वार, म्हणजे दीड मैलाहून अधिक. आणि एवढें चालून कापड पुरें होई तें एका-दोघांच्या पोशाखापुरतें. दिवसभर असें चालतांना हात किंचित् ढळला, तर सुरी जमिनींत घुसून कापडाला भोंक पडे, आणि नुकसान मजुरींतून वजा होई. पुढें फिरत्या गोल पात्यांचीं यंत्रें आलीं, एकाच वेळीं अनेक सऱ्या कापल्या जाऊं लागल्या, आणि ती पायपीट थांबली. पण विणणाऱ्यांचे तंटे थांबले नाहींत. यॉर्कशायरमधील हेब्डन ब्रिज या फस्टियनच्या गांवीं विणकरांचा संप १९०६ पासून १९०८ पर्यंत चालला. मुंबईच्या संपाची आठवण निघाली कीं मला हें गांव आठवतें.

आतां आपण म्हणाल, मँचेस्टरच्या कापडाचा मावळाशीं काय संबंध? संबंध आपल्या दारावरूनच गेलेला आहे. खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतची आगगाडी १८५८ सालीं सुरूं झाली, परंतु मध्यें बोरघाट आडवा होता. खालून येणारा उतारू पालखींतून अथवा तट्टावरून घाट चढे आणि वर पुन्हा गाडींत बसे. अठराशें फुटांहून अधिक चढण, सदतीस फुटांस एक फूट असा उतार आणि बेसाल्टचा कातळ. १८६१ च्या सुमारास घाटांत चाळीस हजारांवर माणसें खपत होतीं, आणि पटकीनें व सुरुंगांनीं किती मेलीं यांची नांवें कोठेंही कोरलेलीं नाहींत. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ सालीं आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, तेव्हां त्याची पत्नी ॲलिस हिनें कंत्राट अंगावर घेऊन काम पुरें करविलें. १८६३ सालीं घाट खुला झाला.

तो खुला होण्यास याहून निकडीची वेळ नव्हती. १८६१ पासून अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें होतें. तिकडचा कापूस लँकाशायरला मिळेना. गिरण्या बंद पडल्या, कामगारांवर उपासमारीची पाळी आली. तिकडच्या व्यापाऱ्यांचे डोळे हिंदुस्थानाकडे लागले. आपल्याकडील कापूस कोठलाही असो, तिकडे त्याला सरसकट ‘सुरत’ म्हणत. त्याचा तंतु आंखूड, सूत वारंवार तुटे, म्हणून कामगार त्याला कंटाळत. पण दुसरा मिळत नव्हता. सोलापूर-दख्खनकडील गांठोडीं आतां बोरघाट उतरून मुंबईच्या बंदरांत जाऊं लागलीं. मुंबईंत पैशाचा पूर आला, आणि १८६५ सालीं युद्ध संपतांच तो ओसरून पेढ्या धडाधड बुडाल्या. युद्ध संपलें, पण जाण्यायेण्याची वाट पडली ती पडलीच. कच्चा माल घाट उतरून जाई. तोच कापला-रंगविला जाऊन, अनेक हातांची मजुरी आणि नफा अंगावर घेऊन, कापडाच्या रूपानें घाट चढून परत येई.

याचें उत्तर पुण्यानें ७ ऑक्टोबर १९०५ रोजीं दिलें. विनायक दामोदर सावरकर यांच्या पुढाकारानें विद्यार्थ्यांनीं विलायती कापडाची होळी केली. लोकमान्य टिळक तेथें उपस्थित होते. १२ डिसेंबर १९३० रोजीं मुंबईस काळबादेवीवर विलायती कापडाची मोटारलॉरी अडवितांना बाबू गेनू तिच्याखालीं चिरडला गेला. तो आमच्याच पुणें जिल्ह्यांतला, आंबेगांव तालुक्यांतील महाळुंगे पडवळचा, आणि मुंबईंत गिरणींत काम करणारा. आणि पुढच्याच वर्षीं, सप्टेंबर १९३१ मध्यें, गांधीजी लँकाशायरमध्यें डार्वेनला गेले, तेव्हां बहिष्कारानें ज्यांचें काम गेलें होतें त्याच गिरणीकामगारांनीं, त्यांतही बायांनीं, त्यांचें आनंदानें स्वागत केलें. शाळेंत इतिहास शिकवितांना मी हे दोन्ही प्रसंग एका तासाला सांगत असें. होळी कापडाची होती. विणणाऱ्या हातांशीं वैर नव्हतें, हें मुलांना अशानेंच समजतें.

मुंबईच्या गिरण्या पुढें वाढल्या, त्यांतही मावळाचा वांटा आहे. लोणावळा, वळवण, शिरवता येथें पाणी अडवून तें खोपोलीला घाटाखालीं सोडलें, आणि १९१५ पासून टाटांची ती वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळूं लागली. आमच्या पवनेवरचें धरण १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत झालें. त्याचें पाणी पिंपरी-चिंचवडकडे गेलें. म्हणजे मावळानें पाणी दिलें, वीज दिली, जमिनी दिल्या आणि साचे चालवावयास माणसेंही दिलीं. अण्णा त्यांतलेच एक.

इतिहास येथवर सांगून आतां कपाटाकडे वळतों. कॉर्डरॉयचे प्रकार ओळखण्याची रीत सोपी आहे. एका इंचांत वरंबे किती, तें मोजावें. इंग्रजींत वरंब्याला ‘वेल’ म्हणतात. चाबकाचा अंगावर उठणारा वळ, असाही त्या शब्दाचा अर्थ आहे. इंचांत तीन ते सहा वरंबे असतील, तर तें रुंद रेघेचें कापड. त्याला तिकडे हत्तीचें नांव देतात. तें गाद्यागिरद्यांच्या खोळींना आणि जाड कोटांना योग्य. आठ ते तेरा-चौदा हा मध्यम प्रकार. विजार आणि जाकीट यांस हाच उत्तम. अण्णांच्या कोटांत मीं पट्टी ठेवून मोजले, ते अकरा भरले. सोळांपासून वर एकवीसपर्यंत गेलें म्हणजे सुईसारखी बारीक रेघ. सदरे, परकर, लहान मुलांचे कपडे यांना तें शोभतें. कांहीं कापडांत जाड आणि बारीक रेघा आळीपाळीनें असतात, तर कांहींत सुरीच चालविलेली नसते. तेथें वरंबा दिसतो, पण लव नसते. विकत घेतांना मात्र कापड उलटें करून पाहावें. लवेचा धागा खालीं एकाच ताण्याला वेढा देऊन गेला असेल, तर तो ओढल्यास सुटतो. तीन ताण्यांत नागमोडी गुंफलेला असेल, तर घट्ट बसतो. नखानें लव हलकेच ओढून पाहिली, तरी फरक ध्यानांत येतो.

लवेला दिशा असते, ही गोष्ट मीं फजितीनें शिकलों. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारांतून पुण्यास लक्ष्मी रस्त्यावर विटकरी रंगाचें कॉर्डरॉय घेतलें आणि एका शिंप्याकडे विजार टाकली. त्यानें कापड वांचविण्यासाठीं एक पाय सुलटा आणि दुसरा उलटा बेतला. शिवून झाल्यावर एक पाय गडद आणि दुसरा फिकट! वर्गांत मुलें हंसूं लागलीं, तेव्हां कारण कळेना. अण्णा सुटीवर आले, त्यांनीं विजारीवरून हात फिरविला आणि म्हणाले, “बाळ, एका पायाची लव वर चालली आहे, दुसऱ्याची खालीं. उजेड दोहोंवर सारखा पडेल कसा?” तेव्हां श्रोते हो, कापड थोडें अधिक घ्यावें, पण सर्व तुकडे एकाच दिशेनें बेतावयास सांगावें. लव वरच्या अंगास ठेवली, तर रंग गडद आणि भरीव दिसतो. खालच्या अंगास ठेवली, तर फिकट दिसतो, परंतु कमी झिजतो. शिवण्यापूर्वीं कापड एकदां पाण्यांतून काढावें, म्हणजे पुढें आटावयाचें नाहीं.

दुसरी फजिती इस्त्रीची. त्याच विजारीवर मीं सुलट बाजूनें तापलेली इस्त्री दाबली, आणि मांडीवर इस्त्रीच्या आकाराचा चकचकीत डाग उठला. लव चिरडली गेली होती. कॉर्डरॉयला इस्त्री करणें भागच असेल, तर कपडा उलटा करावा, खालीं जाड टॉवेल पसरावा, म्हणजे लवेला टेकावयास मऊ जागा मिळते, आणि वरून हलक्या हातानें वाफ द्यावी. चिरडलेली लव उठवावयाची असेल, तर न्हाणीघरांत ऊन पाण्याच्या बादल्या ठेवून दार लावून घ्यावें, त्या वाफेंत कपडा टांगावा, आणि नंतर मऊ कुंचा सऱ्यांच्या लांबीनें फिरवावा. आडवा कधींही फिरवूं नये. नांगरलेल्या शेतांतून आडवी गाडी कोणी घालतो काय?

धुण्याची रीतही यावरूनच ठरते. लव म्हणजे मुळाशीं नुसती अडकविलेली टोकें. दगडावर आपटलें, धोपटण्यानें बडविलें, ताठ कुंच्यानें घांसलें, तर तीं टोकें उपटून येतात आणि गुडघ्यांवर, कोपरांवर टक्कल पडतें. म्हणून कपडा उलटा करून, बटणें लावून, थंड अथवा कोंबट पाण्यांत सौम्य साबणानें हलकेच खळबळावा. यंत्रांत टाकावयाचा, तर मंद फिरणीवर. टॉवेल, चादरी यांच्या सोबतीला देऊं नये; त्यांचे तंतु लवेंत रुतून बसतात आणि वेंचतां वेंचतां पुरेवाट होते. गडद रंग पहिल्या दोन-तीन धुण्यांत सुटतो, म्हणून तो कपडा निराळा धुवावा. पिळूं नये, पाणी निथळूं द्यावें, झटकावें, आणि सावलींत वाऱ्यावर टांगावें. किंचित् दमट असतांनाच हातानें लव सारखी करावी, म्हणजे बहुतेक वेळां इस्त्रीची गरजच उरत नाहीं.

राहिला पावसाळा. लोणावळ्यास वर्षांत चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि आमच्या पवनानगरासही त्याचा शेजार आहे. चार-चार दिवस ऊन दिसत नाहीं, भिंतींना पाझर सुटतो, आणि जाड सुती कापडाला बुरशी धरावयास दोन दिवस पुरतात. आम्ही मृगापूर्वीं कोट एक दिवस कडक हवेंत पण सावलींत टांगतों, पूर्ण सुकला अशी खात्री करून सैल सुती पिशवींत घालतों, आणि भिंतीपासून दूर टांगतों. घडी घालून ट्रंकेंत कपड्यांच्या ओझ्याखालीं ठेवीत नाहीं, कारण घडीच्या जागीं लव मोडते. प्लॅस्टिकची पिशवी वापरीत नाहीं. तींत दमटपणा कोंडतो. पावसाळ्यांत उघडीप मिळाली कीं पिशवी सोडून कोटाला वारा देतों.

हें सर्व अण्णांनींच सांगितलेलें. शेवटल्या दिवसांत त्यांची दृष्टि मंद झाली होती. ते कोट मांडीवर घेऊन बसत, अंगठा एका सरींतून कॉलरपासून खालपर्यंत नेत, आणि म्हणत, “येथें सुरी सरळ गेली आहे हं. कापणारा कसबी होता.” तो कापणारा कोण, कोठला, त्याला काय मजुरी मिळाली, हें त्यांना ठाऊक नव्हतें, मलाही नाहीं. यंत्रावर बसलेला कोणी तरी कामगार असेल. परंतु स्वतःचें काम गेलेला एक विणकर दुसऱ्या अनोळखी कामगाराचें काम हातानें वाचून त्याला दाद देत होता, एवढें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

वस्त्र जपणें म्हणजे कंजूषपणा नव्हे. ज्यानें पीक काढलें, ज्यानें विणलें, ज्यानें सरी कापली, त्यांच्या दिवसांचा तो मान आहे. आपल्या घरीं कॉर्डरॉयचा जुना कपडा असेल, तर तो आज एकदां बाहेर काढावा आणि त्याच्या सरीवरून बोट फिरवून पाहावें. मग बोहारणीच्या गांठोड्यांत टाकावयाचा कीं नाहीं, याचा निर्णय आपण सुखानें करावा.